पत्ता सांगणाऱ्याचा पत्ता

मी नोकरीत नेमकं काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना गेल्या १२ वर्षांत मला पटवून देता आलेलं नाही. लग्न ठरताना 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागलं होतं. पुढे मेहुण्याचा प्रिंटर बिघडला आणि तो मला दुरुस्त करता आला नाही, तेव्हा सासरी कुजबुज सुरू झाली. मग सासूबाईंच्या मोबाइलमधून नातवाच्या बारशाचे फोटो उडाले, तेही मला परत आणता आले नाहीत. तेव्हापासून देवरुखजवळच्या त्या घरात माझ्याबद्दलचं अधिकृत मत असं आहे की, जावईबापू कॉम्प्युटरमध्ये आहेत खरे, पण फार आत नसावेत.

सासरे, म्हणजे नाना, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे एका गणपतीत मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजवायचं ठरवलं.

"नाना, कॉम्प्युटर एकमेकांना नावानं नाही, आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे पाठ राहत नाहीत, म्हणून आपण नावं वापरतो. कुणी आमच्या संस्थेचं नाव घेतलं की तिचा आकडा सांगायचा, हे काम एक सर्व्हर करतो. त्याला नेमसर्व्हर म्हणतात. तो मी सांभाळतो."

"म्हणजे पत्ता सांगणारा."

"हो."

"आणि नावच चुकीचं असलं तर?"

"तर 'हे नाव अस्तित्वात नाही' असं ठणकावून सांगायचं, तेही त्याचंच काम."

"टेलिफोनमधली बाई सांगते तसं," नाना म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "आणि याचा तुम्हाला महिन्याला पगार देतात?"

पण नाना पोस्टातले. वेबसाइटचं नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, आधी शेवटचं 'इन' बघायचं, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं, हे त्यांना माझ्या नव्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळलं. "पाकीटही आम्ही खालूनच वाचायचो," ते म्हणाले. "आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. माणसाचं नाव वाचायचं काम शेवटी पोस्टमनचं." मग त्यांनी मला पिनकोडवर व्याख्यान दिलं. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, ते संस्कृत कवीही होते, आणि पहिला आकडा ४ दिसला की पाकीट महाराष्ट्राच्या दिशेला टाकायला डोळे उघडायचीही गरज नसायची. मी कबूल केलं की आमच्याकडे ही व्यवस्था जरा उशिरा आली. आधी जाळ्याला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ती कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. यंत्रं वाढली, फाइल आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड रचली. आता वर मूळ सर्व्हर, त्यांची नावं १३. ते फक्त 'इन'वाल्यांचा पत्ता सांगतात. 'इन'वाले आमच्या संस्थेच्या नेमसर्व्हरकडे पाठवतात. पुढचं सगळं तो सांगतो.

"बरोबर," नाना म्हणाले. "पण मला सांगा, तुमच्या त्या पत्ता सांगणाऱ्याचंही काही नाव असेलच ना? मग त्याचा पत्ता कोण सांगतो?"

"ते सगळं ऑटोमॅटिक असतं हो नाना," मी म्हणालो.

या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे. मान खाली घालून.

आमची संस्था पुण्यातली. आठ शाळा-कॉलेजं, एक वेबसाइट, चारएकशे मेलचे पत्ते, आणि हे सगळं जगाला सापडावं म्हणून तळमजल्यावरच्या एका कुलूपबंद खोलीत माझा नेमसर्व्हर. त्यावर बाइंड नावाचा प्रोग्राम चालतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी तो लिहिला, आणि आज त्याची नववी पिढी कामावर आहे. पडद्याआड मुकाट्यानं चालणाऱ्या अशा प्रोग्रामला 'डीमन' म्हणतात. "डीमन म्हणजे भूत ना, भावोजी?" मेहुण्यानं विचारलं. मी म्हटलं, भूत नव्हे, राखणदार. पुण्यात हे समजवायला अर्धा तास लागतो. कोकणात सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. सासूबाईंनी तर त्याला वर्षाचा नारळ देता की नाही, असंही विचारलं. मी हसलो होतो.

या राखणदाराला लांबून हाक मारायची एक आज्ञा आहे, आरएनडीसी. रिमोट नेम डीमन कंट्रोल. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. 'रीलोड' म्हटलं की तो नव्या नोंदी वाचतो. 'फ्लश' म्हटलं की पाठ केलेलं सगळं विसरतो. 'फ्रीझ' म्हटलं की त्याची नोंदवही गोठते, 'थॉ' म्हटलं की पुन्हा वाहती होते. 'स्टेटस' म्हटलं की तब्येत सांगतो. घरात माझ्या एका शब्दावर चहासुद्धा होत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या आज्ञेचं मला एवढं वेड का, ते कळेल.

मुळात हे रिमोट त्या यंत्राच्या बाहेर चालतच नाही. ९५३ क्रमांकाचं दार, तेही फक्त घरातल्यांसाठी, अशीच त्याची रचना येते. शहाणी माणसं ती तशीच ठेवतात. लांबून काम करायचं असेल तर आधी एसएसएचनं रीतसर आत शिरतात आणि मग आतून हुकूम देतात. मला ते कमीपणाचं वाटलं. पंखा लावायला खुर्चीतून उठायचं असेल तर हातात रिमोट कशाला? मी ते दार साऱ्या जगाला उघडलं. दोन्हीकडे एकच गुप्त चावी ठेवायची असते, ती जुळल्याशिवाय तो ऐकत नाही. चावी आहे ना, मग काय भीती, असा माझा युक्तिवाद होता. समोर प्रतिवाद करायला कुणी नव्हतं, त्यामुळे तो टिकला.

पहिले तीन दिवस जोडणीच होईना. दर वेळी एकच उत्तर यायचं: समोरच्यानं जोडणी तोडली; कदाचित त्याची आवृत्ती जुनी असेल, कदाचित तुम्हाला परवानगी नसेल, कदाचित घड्याळं जुळत नसतील, कदाचित सहीची पद्धत चुकली असेल, कदाचित चावीच खोटी असेल. पाच कारणं, आणि पाचांच्या आधी 'कदाचित'. स्थळ नाकारणारी माणसंही एवढ्या सावधपणे बोलत नाहीत. ती निदान पत्रिकेवर ढकलून मोकळी होतात. मी चावी सात वेळा बदलली. चौथ्या दिवशी कळलं की दोष घड्याळाचा. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवलेलं होतं आणि मी भिंतीकडे बघून त्यात पुण्याची वेळ भरली होती. त्यामुळे माझा राखणदार जगाच्या साडेपाच तास पुढे जगत होता. जुना हुकूम चोरून कुणी पुन्हा ऐकवू नये म्हणून तो दोन घड्याळांत ३०० सेकंदांहून जास्त फरक चालवून घेत नाही. पाच मिनिटं! एवढ्या फरकानं आमच्याकडे लग्नाचा मुहूर्तसुद्धा चुकला असं कुणी धरत नाही.

आता आणखी दोन कबुल्या देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पहिली. नेमसर्व्हर निदान दोन असावेत, असा दंडक आहे. एक मिटला तरी दुसरा बोलावा. १९९७ सालचं एक मार्गदर्शक टिपण तर बजावून सांगतं की दुसरा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या जोडणीवर ठेवा. मी दोन ठेवले होते. दोघांची नावं वेगळी, आकडे वेगळे, यंत्र मात्र एकच. नाटकात नोकराचं काम करणारा नटच मिशी लावून इन्स्पेक्टर होऊन यावा, तसं.

दुसरी. प्रत्येक नोंदीवर तिचं आयुष्य सेकंदांत लिहिलेलं असतं. तेवढा वेळ जगानं ते उत्तर पाठ ठेवायचं, मग पुन्हा विचारायचं. आमच्या नोंदींवर ८६४०० होतं, म्हणजे एक दिवस. मेलचं यंत्र हलवायचं म्हणून मी ते ३०० वर आणलं, म्हणजे बदल लवकर पसरेल. यंत्र हलवायचं राहून गेलं. ३०० तसंच राहिलं. थोडक्यात, आमच्या संस्थेचा पत्ता जगाला पाच मिनिटांपेक्षा जास्त आठवणार नाही, अशी चोख व्यवस्था मी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

आणि मी गणपतीला कोकणात गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरतीला अजून अर्धा तास होता, मेहुणा म्हणाला, "भावोजी, ते तुमचं पुण्याचं भूत इथून ऐकतं का?" बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी आपणहून विचारलं होतं. मी लॅपटॉप काढला. त्या घरात मोबाइलची रेंज फक्त एका जागी येते, खळ्याच्या टोकाला, चिऱ्याच्या गडग्यावर. तिथे मी लॅपटॉप ठेवला. मागे मेहुणा, त्याची दोन मुलं, शेजारचे काका, आणि खुर्ची आणवून बसलेले नाना. एवढा श्रोतृवर्ग मला संस्थेच्या सभेतही मिळालेला नाही.

"इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब पुण्यात एक यंत्र आहे," मी सुरुवात केली. "आता मी त्याला एका शब्दात तब्येत विचारणार."

शब्द होता 'स्टेटस'. तो पूर्ण टाइप करणं नवशिक्याचं लक्षण. कंट्रोल आणि आर ही बटणं दाबून दोन-चार अक्षरं टाकली की पूर्वी दिलेला हुकूम यंत्र स्वतः आठवून समोर ठेवतं. मी आरएनडीसी लिहून पुढे 'एस' आणि 'टी' टाकलं, पडद्याकडे न बघता नानांकडे बघितलं, आणि ऐटीत एंटर दाबलं. मात्र 'एसटी'नं सुरू होणारा माझा सगळ्यात अलीकडचा हुकूम 'स्टेटस' नव्हता. आठवड्यापूर्वी यूपीएसची बॅटरी बदलताना मी सर्व्हर रीतसर बंद केला होता. तो हुकूम होता 'स्टॉप'.

'खात्री आहे का?' असं काही त्यानं विचारलं नाही. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. 'हॉल्ट' नावाचा एक धसमुसळा हुकूम आहे, त्यावर तो असेल तसा उठून जातो. 'स्टॉप' सभ्य आहे. अर्धवट राहिलेल्या नोंदी लिहून काढून, आवराआवर करून, मग तो मिटतो. माझा राखणदार दिवे मालवून, दार लोटून शांतपणे निघून गेला.

"काय म्हणाला?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

"तब्येत विचारलीत ना?"

मी पडद्याकडे बघितलं आणि माझी तब्येत बिघडली.

बंद केलंय तर सुरू करू, हा कुणालाही सुचेल तसा विचार मलाही सुचला. मी आज्ञांची यादी काढली. 'स्टॉप' होतं. 'स्टार्ट' नव्हतं. थोडं थांबून विचार केल्यावर कारण कळलं. आरएनडीसीचं जो ऐकतो, तोच आता नव्हता. झोपलेल्याला हाक मारून उठवता येतं. गावच सोडून गेलेल्याला हाक मारून काय उपयोग? तरी यादीत 'रीस्टार्ट' दिसलं आणि माझ्या जिवात जीव आला. त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. यादीच्या तळाशी चांदणीचा अर्थ दिला होता: अजून बनवलेलं नाही. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी हे यादीत घालून ठेवलं, आणि मग ते कायमचं राहून गेलं. त्या अनोळखी माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. माझंही मेलचं यंत्र हलवायचं असंच राहिलं होतं.

मग एसएसएच. रीतसर आत शिरायचं, आतून राखणदाराला उठवायचं. मी सर्व्हरचं नाव टाइप केलं. उत्तर आलं: हे नाव सापडत नाही.

सापडणार कसं? ते नाव कुठे राहतं, हे सांगायचं काम ज्याचं, तोच नाव धारण करून झोपला होता. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यावर माणूस दाराकडे जसा बघतो, तसा मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. आकडा आठवला असता तर नावाची गरज नव्हती. चार आकडे, मध्ये टिंबं. रोज त्या यंत्रावर जाणारा मी. पण नावानं हाक मारायची एवढी सवय की पहिल्या दोन आकड्यांपुढे गाडी जाईना. मग आठवलं की मला बायकोचाही मोबाइल नंबर पाठ नाही.

तोवर पाच मिनिटं उलटली होती. जगाला आमचा पडलेला विसर आता पूर्ण झाला होता. पहिला फोन संस्थेच्या सचिवांचा. "वेबसाइट दिसत नाही." मी म्हटलं, "बघतो." दुसरा फोनही त्यांचाच. "मेलही जात नाही." मेल हरवत नाहीत, पाठवणाऱ्याकडे रांगेत थांबतात आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "रांगेत कशाला? आपण काय रेशनचं दुकान आहोत का?"

मी संस्थेच्या वॉचमनमामांना फोन लावला. त्यांच्या मागे ढोल-ताशा, माझ्या मागे आरतीची तयारी.

"मामा, सर्व्हरची खोली उघडा!"

"काय उघडू?"

"सर्व्हर! तळमजल्याची खोली!"

"तिची किल्ली तुमच्याकडे असते ना, सर?"

किल्ली होती. माझ्या बॅगेत. बॅग माजघरात, मोदकांच्या ताटाशेजारी. महिनाभरापूर्वी 'सुरक्षेच्या दृष्टीनं ही एकच किल्ली राहील आणि ती माझ्याकडे राहील' असं परिपत्रक मीच काढलं होतं.

आत टाळ वाजायला लागले. मुलं पळाली, मेहुणा "येतो हं भावोजी" म्हणून सटकला. गडग्यावर मी, लॅपटॉप आणि नाना एवढेच उरलो.

"जावईबापू," नाना शांतपणे म्हणाले, "नक्की काय हरवलंय?"

"आकडा. सर्व्हरचा पत्ता."

"तो सांगणारा कुठाय?"

"तोच हरवलाय, नाना."

"म्हणजे मी मागे विचारलं होतं, तेच की." माझ्या 'ऑटोमॅटिक'चा उल्लेख त्यांनी केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. "आमच्याकडे एखादं शाखा पोस्ट बंद पडलं, तर त्याची माहिती त्या पोस्टाला विचारत बसत नसू. हेड ऑफिसात नोंद असायची. तुमच्या वरच्या ऑफिसात विचारलंत का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वरचं ऑफिस म्हणजे 'इन'वाले. तिथे आमच्या नेमसर्व्हरचं नाव असतं हे मला ठाऊक होतं. पण नुसतं नाव देऊन भागणार नाही, कारण त्या नावाचा आकडा त्याच सर्व्हरकडे. म्हणून वरचे लोक नावासोबत त्याचा आकडाही लिहून ठेवतात. याला आमच्या धंद्यात 'ग्लू' म्हणतात. ग्लू म्हणजे डिंक. ही पाकिटं चिकटवायची वस्तू आहे, आणि ती आठवायला मला पोस्टमास्तर लागला. हा आकडा वर मीच कळवला होता. मुलाखतीत मी उमेदवारांना हाच प्रश्न विचारतो. न आल्यास नापास करतो.

'डिग' नावाची एक आज्ञा असते. डिग म्हणजे खणणे. मी थेट 'इन'च्या सर्व्हरला विचारलं, आमच्या संस्थेची चौकशी कुठे करू? एका सेकंदात उत्तर आलं. दोन नावं, आणि खाली दोन आकडे. वेगवेगळे, एकाच यंत्राचे. मिशी लावलेला आणि मिशी नसलेला. मी आकडा टाकून आत शिरलो, बाइंड सुरू केला आणि मग, दर अक्षर तीनदा तपासत, 'स्टेटस' असं पूर्ण टाइप केलं. खाली ओळ आली: सर्व्हर सुरू असून चालू आहे. आतून 'घालीन लोटांगण' सुरू झालेलं ऐकू आलं. माझी त्याला काही हरकत नव्हती.

हे सगळं ४७ मिनिटं चाललं. पुण्याला परतल्यावर सचिवांपुढे माझी सुनावणी झाली. मी तयारी करून गेलो होतो. "सर, ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकचंही असंच झालं होतं. देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, नेमसर्व्हर जगाला दिसेनासे झाले. लांबून काही करता येईना, माणसं प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पाठवावी लागली. सहा-सात तास सगळं बंद. आणि १२ ऑक्टोबर २००९ला अख्ख्या स्वीडनची नावं गायब झाली होती, का, तर फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या शेवटी द्यायचं टिंब राहून गेलं. आपलं तर ४७ मिनिटांत आटोपलं."

सचिव म्हणाले, "म्हणजे तुम्ही फेसबुकपेक्षा हुशार?"

मी 'माझे सासरे' असं म्हणणार होतो, पण गप्प बसलो.

आता ९५३चं दार फक्त घरातल्यांना उघडतं. दुसरा नेमसर्व्हर खरोखर दुसऱ्या गावात आहे, मिशी त्याची स्वतःची आहे. नोंदींचं आयुष्य पुन्हा एक दिवसाचं झालं. खोलीची दुसरी किल्ली वॉचमनमामांकडे असते, त्यासाठी मीच नवं परिपत्रक काढून जुनं रद्द केलं. आणि त्या गणपतीत, विसर्जनाच्या आधी, सासूबाईंनी दिलेला एक नारळ मी काही न बोलता राखणदाराला ठेवला.

सर्व्हरचा आकडाही लिहून ठेवला आहे. मोबाइलमध्ये नाही, नानांच्या ओटीवर टांगलेल्या कॅलेंडरवर. दूधवाला, गॅसवाला आणि गुरांचे डॉक्टर यांच्या नंबरांखाली नानांनी स्वतः पेन्सिलीनं लिहून घेतला, आणि पुढे कंसात 'जावई, बंद पडल्यास'.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्या त्या माणसाचा नंबर चुकीचा उतरवलाय की काय? सहज ख्यालीखुशाली विचारावी म्हणून लावून बघितला."

"काय म्हणाला?"

"तो कुठला बोलतोय. बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही."